'टँक' : एका शब्दाची कुळकथा

गेल्या सहामाही परीक्षेंत इयत्ता नववीच्या मुलांस मीं एक सोपें इंग्रजी वाक्य मराठींत उतरवावयास घातलें होतें. वाक्याचा आशय इतकाच कीं, गांवकरी रोज सायंकाळीं आपलीं गुरें गांवच्या टँकवर पाण्यास नेत. एका विद्यार्थ्यानें लिहिलें, 'गांवकरी रोज सायंकाळीं आपलीं गुरें गांवच्या रणगाड्यावर पाण्यास नेत.' पेपर परत देतांना हें उत्तर मीं वर्गांत वाचून दाखविलें. साहजिकच मोठा हशा पिकला, आणि मीहि त्यांत सामील झालों. त्या मुलानें मान खालीं घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाहीं. मधल्या सुट्टींत तो शिक्षकांच्या खोलीपाशीं येऊन उभा राहिला व म्हणाला, "सर, आमच्या गांवाला तळें नाहींच. टँकर येतो. टँक म्हणजे लढाईंतला, तो मीं नगरला पाहिला आहे. दुसरा अर्थ मला कोणीं सांगितला नव्हता."

त्याचें म्हणणें अगदीं खरें होतें. हा शब्द मीं वर्गांत कधीं शिकविलाच नव्हता. सोपा म्हणून सोडून दिला होता. शब्द न शिकवितां परीक्षेंत घालावा आणि वर त्या चुकीस हंसावें, हा अन्याय माझ्या हातून झाला. ती फेड म्हणून, व इतर विद्यार्थ्यांसहि उपयोग होईल म्हणून, त्या एका शब्दाची हकीकत येथें लिहीत आहें. पालकांनीहि ती वाचावी अशी विनंति आहे. कारण ह्या शब्दाचें घर आपल्या अंगणापासून फार दूर नाहीं.

प्रथम अर्थ पाहूं. आजच्या इंग्रजींत 'टँक' म्हणजे द्रव पदार्थ किंवा वायु सांठविण्याचें मोठें पात्र. मोटारीची पेट्रोलची टाकी, घरावरील पाण्याची टाकी, मासे ठेवण्याची कांचेची पेटी, मैलापाण्याची सेप्टिक टँक, हीं सारीं त्यांतच येतात. दुसरा अर्थ रणगाडा. तिसरा, आणि इंग्लंडांतील सामान्य माणसास सहसा ठाऊक नसलेला अर्थ म्हणजे तळें, तलाव, हौद किंवा कुंड. हा तिसरा अर्थ मुख्यतः हिंदुस्थानांतील व सिंहलद्वीपांतील इंग्रजीचा आहे. मौज ही कीं, इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां तोच पहिला आहे. पात्राचा अर्थ मागाहून आला व रणगाड्याचा तर काल-परवांचा, 1915 सालचा.

इंग्रजी भाषेंत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभीं दिसूं लागतो. त्या वेळीं कंपनीचे व्यापारी सुरतेच्या वखारींत येऊन बसले होते, आणि गुजराथेंतील दगडी पायऱ्यांचे विस्तीर्ण तलाव पाहून ते चकित होत. त्यांच्या थंड व पावसाळी बेटांत पाणी असें जपून ठेवण्याची गरजच नव्हती, म्हणून त्यास नेमका शब्दहि नव्हता. त्यांनीं येथला शब्द उचलला. गुजराथींत जमिनीखालच्या पाण्याच्या सांठ्यास 'टांकुं' म्हणतात. आपण मराठींत 'टांकें' म्हणतों. मोल्सवर्थ साहेबांनीं कँडी बंधूंच्या साहाय्यानें केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 सालीं मुंबईस छापून निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ति 1857 सालीं निघाली. ह्या कोशांत 'टांकें' उघडून पाहिलें तर समोर 'टँक' हाच शब्द भेटतो. भाऊ भावास ओळखतो तसें वाटतें.

परंतु येथें एक तंटा आहे, आणि तो विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे. पोर्तुगीज भाषेंत तलावास 'तांक' अशा उच्चाराचा एक शब्द आहे. तो लॅटिन 'स्टॅग्नम' म्हणजे सांचलेलें पाणी ह्यापासून निघाला. इंग्रजींतील 'स्टॅग्नंट' हें विशेषण त्याच मुळाचें. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची जी रोजनिशी उपलब्ध आहे तींत 1498 सालीं कालिकतच्या तलावांविषयीं लिहितांना हाच पोर्तुगीज शब्द योजिला आहे. नुकतेच किनाऱ्यास लागलेले हे खलाशी गुजराथी किंवा मराठी शिकून आले नव्हते. अर्थात् शब्द त्यांचा स्वतःचाच असला पाहिजे. मग इंग्रजांनीं तो कोणापासून घेतला? पोर्तुगीजांपासून कीं आपणांपासून?

यूल व बर्नेल ह्या दोघां विद्वानांनीं हिंदुस्थानी इंग्रजीचा 'हॉब्सन-जॉब्सन' नांवाचा जाडजूड कोश 1886 सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं ह्या शब्दास दोन मुळें मानलीं आहेत, एक येथलें व एक युरोपांतलें. मला स्वतःला हाच निवाडा पटतो. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज दुभाषे होते व गुजराथी दलालहि होते. एकानें 'तांक' म्हटलें, दुसऱ्यानें 'टांकुं' म्हटलें, वस्तु समोर एकच होती. इंग्रजाच्या कानांत दोन्ही मिळून 'टँक' झालें. दोन ओढे एका तळ्यांत येऊन मिळावे तसें हें झालें. 'आमचाच शब्द त्यांनीं नेला' असें छाती फुगवून सांगणारे लोक मला भेटतात, आणि 'मराठींत टांकें पोर्तुगिजांनीं आणलें' असें म्हणणारेहि भेटतात. दोघेहि अर्धेंच सांगतात.

मुलांस आणखी एक मोह होण्यासारखा आहे. पाथरवटाच्या छिनीस आपण 'टांकी' म्हणतों. टांकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. ही टांकी संस्कृत 'टंक' ह्या शब्दापासून आली. मग खडकांत टांकीनें खोदलेलें तें टांकें, असें सहज सुचतें. सुचणें वाईट नाहीं; पण ध्वनि जुळला म्हणजे नातें सिद्ध झालें असें समजूं नये. देव्हाऱ्यांतला चांदीचा टांक, बोरूचा टांक, कापडाचा टांका व नाणीं पाडण्याची टांकसाळ हे सारे कानास एकाच घरचे वाटतात. त्यांपैकीं प्रत्येकाची चौकशी स्वतंत्रपणें करावी लागते. इंग्रजींतहि असाच एक फसवा सोबती आहे : 'टँकर्ड' म्हणजे झांकणाचा मोठा पेला. हा शब्द इंग्रजींत चौदाव्या शतकापासून आहे, म्हणजे 'टँक' तेथें जाण्याच्या कितीतरी आधींपासून. ह्या दोहोंचा संबंध नाहीं.

वस्तु मात्र शब्दाहून पुष्कळच जुनी आहे. आपल्या पुणें जिल्ह्यांत मळवलीजवळ भाजें येथें लेणीं आहेत. तेथें कातळांत खोदलेल्या पाण्याच्या एका कुंडावर ब्राह्मी लिपींत लेख आहे कीं, महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त ह्यानें ही 'पोढी' दान दिली. पोढी म्हणजे टांकें. जुन्नर व कान्हेरी येथील लेखांतहि हाच शब्द आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं ह्या डोंगरांतले लोक ज्याला पोढी म्हणत त्यालाच पुढें टांकें म्हणूं लागले. पोढी हा शब्द लोपला, पाणी तेथेंच राहिलें. शिवनेरीवरील गंगा व जमुना हीं टांकीं आणि सिंहगडावरील देवटांकें आमच्या शाळेच्या सहलींत मुलांनीं पाहिलींच आहेत. देवटांक्याचें पाणी ओंजळीनें प्यालेला मुलगा वर्गांत 'टँक'चा अर्थ रणगाडा लिहितो, ह्यांत दोष कोणाचा तें मीं वर सांगितलेंच आहे.

किल्ल्यावर टांकें, पण पुण्यांत हौद. हा शब्द अरबी. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावांतून नळानें पाणी शहरांत आणिलें, आणि पेठोपेठीं दगडी हौद बांधून त्यांत तें सोडलें. जमिनीखालचा हा नळ नुसत्या उतारावर चाले. पंप नाहीं, वाफ नाहीं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें अजून पुणेकरांच्या तोंडीं आहेत, जरी पुष्कळ ठिकाणीं नांव उरलें असून हौद बुजला आहे. गुरुवार पेठेंतील एका भागास पांच हौदांवरून पंचहौद म्हणत. तेथें जें मिशन स्थापन झालें तें पंचहौद मिशन, व त्याचें मंदिर म्हणजे पवित्र नाम देवालय. 1890 सालीं ह्याच मिशनांत व्याख्यानास जाऊन चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे आदि मंडळींवर ग्रामण्य झालें, हें प्रकरण शाळेच्या इतिहासांत येतें. हौदाचें नांव असलेल्या जागीं पेलाभर चहावरून एवढा गहजब व्हावा!

परंतु ह्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. हौद कोणाचा, व त्यांतलें पाणी कोणीं घ्यावयाचें? पुण्यांतील त्या साऱ्या हौदांवर ज्यांस हात लावण्याची मनाई होती असे सहस्रावधि लोक ह्याच शहरांत राहत होते. ते दूर उभे राहून कोणी वरून पाणी घालील काय म्हणून वाट पाहत. जोतीराव फुले ह्यांनीं 1868 सालीं गंज पेठेंतील आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्य गणलेल्या लोकांस खुला केला. जोतीरावांचें इंग्रजी शिक्षण पुण्यांतल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें, हें आमच्यासारख्या मिशन शाळेंतील शिक्षकांस आठवणें साहजिक आहे. पण शाळेंत शिकलेले पुष्कळ होते, हौद उघडणारा एक निघाला. तो हौद आजहि फुलेवाड्यांत पाहावयास मिळतो. आकारानें तो मोठा नाहीं. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं मुलांस घेऊन एकदां अवश्य जावें.

पुढें हाच प्रश्न कायद्याच्या भाषेंत आला, आणि तेथें 'टँक' ह्या शब्दाची खरी कसोटी लागली. मुंबई कायदे कौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांनीं 1923 सालीं ठराव मांडून मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाण्याच्या जागा, विहिरी, धर्मशाळा, शाळा इत्यादिकांचा उपयोग अस्पृश्यांस करूं द्यावा. महाडच्या म्युनिसिपालिटीनें त्यास अनुसरून 1924 सालीं आपलें तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह त्या चवदार तळ्यावर गेले व त्यांनीं तेथलें पाणी प्राशन केलें. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धि' झाली, आणि शेवटीं गोष्ट दिवाणी कोर्टांत गेली. इंग्रजी कागदपत्रांत ह्या तळ्याचें नांव 'चवदार टँक' असेंच आहे.

फिर्यादी पक्षाचें म्हणणें होतें कीं, हें तळें खाजगी आहे व अस्पृश्यांस तेथें येऊं न देण्याची वहिवाट अनादि कालापासूनची आहे. आतां विचार करा : 'टँक' ह्या एका शब्दांत घरामागचा खाजगी हौदहि येतो आणि चार-पांच एकर पसरलेलें गांवचें तळेंहि येतें. मराठींत आपण हौद, टांकें, तळें, तलाव, कुंड, पुष्करणी असे वेगवेगळे शब्द वापरतों, आणि नुसत्या शब्दावरूनच पुष्कळदां कळतें कीं वस्तु केवढी व साधारणतः कोणाची. इंग्रजीनें सारें एकाच पोत्यांत भरलें. म्हणून कोर्टास नांवावर विसंबून चालण्यासारखें नव्हतें. पुराव्यानें पाहावें लागलें. खालच्या कोर्टानें 1931 सालीं दावा फेटाळला. शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टानें 17 मार्च 1937 रोजीं दिला. ती अनादि वहिवाट फिर्यादींस शाबीत करतां आली नाहीं व अपील फेटाळण्यांत आलें. ओंजळभर पाण्यापासून निकालापर्यंत दहा वर्षें गेलीं.

आतां रणगाड्याकडे वळूं, म्हणजे आमच्या त्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे. पहिल्या महायुद्धांत 1915 सालीं इंग्लंडांत पोलादी कवचाचें, साखळीच्या पट्ट्यांवर चालणारें एक यंत्र गुप्तपणें तयार होऊं लागलें. खंदक व कांटेरी तारा ओलांडून जावें हा त्याचा हेतु होता. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून त्यास खोटें नांव पाहिजे होतें. तें दिसे मोठ्या लोखंडी टाकीसारखें. तेव्हां कामगारांस सांगण्यांत आलें कीं, हीं मेसोपोटेमियांतील फौजेकरितां पाणी वाहण्याचीं पात्रें आहेत. कांहींवर तर रशियन लिपींत पेट्रोग्राडचा पत्ता रंगविला होता. वर्षअखेरीस 'टँक' हें नांव कायम झालें. 15 सप्टेंबर 1916 रोजीं फ्रान्सांत सोम नदीच्या लढाईंत हीं यंत्रें प्रथम रणांत उतरलीं, आणि खोटें नांव जगभर खरें होऊन बसलें.

मेसोपोटेमिया हें नांव आपल्याकडे निव्वळ भूगोलाचें नव्हे. ज्या महिन्यांत लिंकन शहराच्या कारखान्यांत 'मेसोपोटेमियाच्या पाण्याच्या टाक्या' असें सांगून रणगाडे घडविले जात होते, त्याच महिन्यांत सहावी म्हणजे पुणें डिव्हिजन खरोखरीच मेसोपोटेमियांत कूत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडली होती. तींत मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलें. घोड्यांचें मांस खाण्याची पाळी आली. 29 एप्रिल 1916 रोजीं त्या सैन्यास शरण जावें लागलें, आणि पुढें कैदेंत व वाळवंटांतील पायपिटींत हजारों माणसें मेलीं. सातारा, रत्नागिरी, पुणें येथील किती घरांत त्या वर्षीं रडारड झाली असेल! कारखान्यांतील ती थाप कोणास क्षणभर खरी वाटली असेल तर ती ह्यामुळेंच कीं, त्या मुलखांत सैन्य खरोखरच होतें व तेथें पाण्याची खरोखरच पंचाईत होती.

मराठींत ह्या यंत्रास आपण 'रणगाडा' म्हणतों. हा शब्द मला फार आवडतो. इंग्रजी शब्द खोटें नांव घेऊन फिरतो, मराठी शब्द काय तें सरळ सांगतो.

त्या मुलानें नगरास जो रणगाडा पाहिला तो तेथील संग्रहालयांतला. नगर, म्हणजे 2024 पासूनचें अहिल्यानगर, येथें चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र असून 1994 सालीं तेथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडण्यांत आलें. 1965 च्या युद्धांत हातीं आलेला पॅटन तेथें आहे व आपल्या देशांत बनलेला विजयंताहि आहे. हें संग्रहालय ज्या भागांत आहे तेथेंच जवळ फराहबाग नांवाचा निजामशाही महाल उभा आहे. सोळाव्या शतकांत तो एका भव्य तलावाच्या मध्यावर बांधला. आतां तलाव कोरडा आहे व महाल मोडकळीस आला आहे. म्हणजे 'टँक' ह्या शब्दाचा अगदीं जुना अर्थ आणि अगदीं नवा अर्थ एकमेकांपासून पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. शब्दकोशांत हे दोन अर्थ एका पानावर असतात. जमिनीवर असे शेजारीं दुसरीकडे कोठें असल्यास मला ठाऊक नाहीं.

किरकोळ उपयोग थोडक्यांत सांगतों. मुंबईंत गोवालिया टँक, सी. पी. टँक हीं स्थळांचीं नांवें आहेत. गोवालिया टँकच्या मैदानावर 8 ऑगस्ट 1942 रोजीं 'चले जाव'चा ठराव झाला. तेथें टँक कोठें आहे म्हणून शोधूं नये, नांवच तेवढें उरलें आहे. सरकारी पाटबंधाऱ्याच्या इंग्रजींत पाझर तलावास 'पर्कोलेशन टँक' म्हणतात; 1972 च्या दुष्काळांत अशीं पुष्कळ कामें निघालीं व खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडीं हा इंग्रजी शब्द बसला. भंडारा-चंद्रपूरकडील माजी मालगुजारी तलावांस लोक लाडानें 'मामा तलाव' म्हणतात, तेहि इंग्रजी दप्तरांत टँकच. 'थिंक टँक' म्हणजे विचारवंतांची संस्था किंवा मंडळी. तेथें पाण्याचा थेंब नाहीं. बिनबाह्यांच्या सदऱ्यास 'टँक टॉप' म्हणतात, कारण तो मुळांत पोहण्याच्या टाकींत घालावयाच्या पोशाखासारखा. अलीकडे एखादा खेळ किंवा धंदा साफ बुडाला तर 'टँक झाला' असें बोलतात. हें बोलींत चालेल, निबंधांत लिहूं नये. आणि उच्चार 'टँक' असा करावा, 'टैंक' नव्हे.

राहिला 'टँकर'. 'टँक'ला 'अर' प्रत्यय लागून हा शब्द झाला. इंग्रजींत तो प्रथम तेल वाहणाऱ्या जहाजास लावला जातो; ज्या इंग्रजी वाचनमालेंतून मीं शिकलों तींत त्याचें चित्रहि जहाजाचेंच होतें. महाराष्ट्रांत त्याचा अर्थ एकच : पाणी. मार्च महिना लागला कीं वर्तमानपत्रांत टँकरचे आंकडे येऊं लागतात.

दिवाळीच्या सुट्टींत त्या मुलाच्या वडिलांनीं मला आग्रहानें गांवीं नेलें. वडील स्वतः टँकर चालवितात. ही गोष्ट मला परीक्षेच्या दिवशीं ठाऊक असती तर बरें झालें असतें. गांवाच्या मागें एक लहानसा डोंगर आहे. मुलगा मला वर घेऊन गेला. माथ्याजवळ कातळांत चौकोनी खोदलेला एक खड्डा होता. निम्मा मातीनें भरलेला, कडेला चार पायऱ्या, तळाशीं हिरवट पाणी. मीं विचारलें, "ह्याला तुम्ही काय म्हणतां?" तो म्हणाला, "टाकं." मग एकदम थांबला व हंसूं लागला.

खालीं उतरल्यावर त्याच्या आजीनें चहा केला. पाणी पिंपांतलें होतें. टँकरला त्या काय म्हणतात असें मीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "पाण्याची गाडी. दुसरं काय म्हणायचं, मास्तर?" शाळा उघडल्यावर मीं त्याच्या पेपरावरील कापलेले दोन गुण परत दिले, आणि समासांत कारण लिहिलें : शब्द शिकविला नव्हता.